तीन थरांची हवाबंद पिशवी: कडधान्याला उत्तम, ज्वारीला जरा जपून

कडधान्य भरून ठेवायला हवाबंद पिशवी घ्यावी का, असं मला गटातल्या बायका विचारतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. चवळी, मूग, मटकी, तूर, हरभरा वर्षभर ठेवायचा असेल तर ही पिशवी जरूर घ्या, पैसे वसूल होतात. ज्वारी-गहू ठेवायचे असतील तर धान्य आधी कडक वाळवा, बारीक चाळणीने चाळा आणि मगच भरा. रोज डबाभर काढायचं धान्य असेल तर पिशवी घेऊ नका, तिचा काही उपयोग होणार नाही. असं का, ते सविस्तर सांगते. पिशवीच्या आधी किडा समजून घ्यावा लागतो. कोणत्या दाण्यात आणि किती उष्णतेत तो कसा वाढतो हे कळलं की पिशवी कधी भरायची ते आपोआप कळतं.

आमची बार्शी तालुक्यात कोरडवाहू शेती. खरिपात मूग, उडीद, चवळी, मटकी आणि तूर, रब्बीत ज्वारी आणि थोडा हरभरा. घरचं बियाणं घरीच धरायचं ही आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची शिस्त, ती मी चालू ठेवली आहे. त्यामुळे धान्य नुसतं खाण्याजोगं राहून मला चालत नाही, ते पेरल्यावर उगवायलाही हवं. शिवाय निवडलेली कडधान्यं मी नात्यागोत्यात विकते. पुण्यातल्या वहिनींच्या डब्यात एक भुंगा निघाला तर फोन मला येतो.

पिशवी दिसायला अगदी साधी आहे. बाहेर नेहमीचं विणलेलं पांढरं पोतं आणि आत एकात एक घातलेल्या जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या. आतला प्रत्येक थर 80 मायक्रॉनचा आहे, हाताला लगेच फरक कळतो, किराणा दुकानातल्या पिशवीसारखा चुरचुरत नाही. धान्य सगळ्यात आतल्या थरात भरायचं, वर दोन विती जागा सोडायची, हाताने दाबून हवा काढायची, तोंडाला घट्ट पीळ द्यायचा, पीळ दुमडायचा आणि सुतळीने आवळून बांधायचा. मग मधल्या थराचं तोंड तसंच, शेवटी पोत्याचं. तिन्ही तोंडं वेगवेगळी बांधायची, एकत्र गुंडाळून एकच गाठ मारली तर हवा आत जात राहते. औषध नाही, गोळी नाही, पाला नाही, पिशवीत फक्त धान्य.

ही पिशवी मुळात निघाली ती चवळीसाठी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत, कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांसाठी ती तयार केली. तिथल्या शेतकऱ्यांची चवळी भुंगा खाऊन टाकायचा, म्हणून ते सुगी संपता संपता मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हायचे. हे वाचलं तेव्हा मला आपलीच गोष्ट वाटली. आपल्याकडेही मूग काढल्या काढल्या अडतीवर नेण्यामागे पैशाची नड असते तशी भुंग्याची भीतीही असते.

तो भुंगा एकदा जवळून बघा. चवळीचे चार दाणे तळहातावर घेऊन भिंगातून पाहिलं की सालीवर खसखशीहून बारीक, लांबट थेंब चिकटलेले दिसतात. ताजं अंडं पारदर्शक आणि चकचकीत असतं, चटकन दिसत नाही. पांढरा ठिपका दिसायला लागला म्हणजे अळी बाहेर येऊन गेलेली असते. ती अंड्याच्या वरच्या बाजूने येत नाही, खालच्या बाजूने थेट दाण्यात शिरते आणि मागे सोडलेला भुसा अंड्याच्या टरफलात भरते, त्यामुळे ते पांढरं दिसतं. पुढचं सगळं आयुष्य त्या एका दाण्याच्या आत. अळी आतून खात खात सालीपर्यंत येते आणि सालीचा एक पातळ गोल पापुद्रा तेवढा ठेवते. बाहेरून तिथे काळपट गोल खिडकी दिसते. आत कोष होतो, भुंगा तयार होतो आणि खिडकी डोक्याने ढकलून बाहेर पडतो. घरात आपण भोक पाहून म्हणतो, कीड लागली. खरं तर भोक दिसेपर्यंत एक पिढी दाणा खाऊन निघून गेलेली असते.

बाहेर पडलेला भुंगा धान्य खात नाही. आठवडा-दोन आठवडे जगतो, तेवढ्यात मादी शंभरापर्यंत अंडी घालते आणि मरते. म्हणूनच उडणारे भुंगे झटकून, धान्य पाखडून काही साधत नाही. खाणारी पिढी दाण्याच्या आत असते.

आता ती पिढी किती दिवसांची, हे ठरवते उष्णता. साधारण 30 ते 32 अंशांत अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा प्रवास साडेतीन-चार आठवड्यांत उरकतो. 20 अंशांत त्यालाच दोन महिन्यांहून जास्त लागतात. आणखी गारठा पडला की वाढ जवळजवळ थांबते, पण अळी मरत नाही, ऊब येईपर्यंत दाण्यात पडून राहते. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. 40 च्या आसपास अंडी आणि कोवळ्या अळ्या दगावू लागतात, आणि 57 अंश तासभर टिकवले तर अंड्यापासून भुंग्यापर्यंत सगळ्या अवस्था मरतात. म्हणजे आपल्याला पंखा लावून बसावंसं वाटतं तो काळ भुंग्याच्या सगळ्यात भरभराटीचा.

घरात धान्य ठेवायला आमच्या दोन खोल्या आहेत, एक जुन्या माळवदाची, म्हणजे जाड मातीच्या सपाट छताची, आणि एक पत्र्याची. दोन्हीत मी कमाल-किमान तापमापी टांगला आहे. शेतीची औजारं मिळतात त्या दुकानात तो मिळतो, आणि माझ्या मते तो पिशवीइतकाच गरजेचा आहे. मे महिन्यात पत्र्याची खोली दुपारी 43-44 वर जाते, माळवदाची 33 च्या पुढे क्वचितच. डिसेंबरात पत्र्याखाली पहाटे 13-14 असतं, माळवदाखाली मात्र 22-23, आणि ते दिवसरात्र फारसं हलत नाही. माळवद म्हणजे गार खोली, तिथे धान्य सुरक्षित, असं आम्ही पिढ्यान् पिढ्या धरून चाललो. आकडे पाहिल्यावर दिसतं की ती खोली उन्हाळ्यात भुंग्याला उन्हापासून वाचवते आणि हिवाळ्यात थंडीपासून. त्याची वाढ तिथे बाराही महिने कमी-जास्त वेगाने चालू राहते.

मग सगळं पत्र्याखाली ठेवावं का? त्यानेही भागत नाही. धान्यातून उष्णता फार हळू जाते. पोत्याच्या कडेचे दाणे दुपारी तापतात, पण मधोमध हात घातला तर तिथलं धान्य बरंच गार लागतं आणि भुंगे तिथेच सरकतात. बियाण्याला तर रोजची एवढी उष्णता सोसतच नाही, उगवण घटते. म्हणून पिशव्या मी माळवदाखालीच ठेवते, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

धान्याप्रमाणे पिशवी भरायची वेळ बदलते, आणि ही गोष्ट पिशवीवरच्या चित्रांमध्ये कुठेच सांगितलेली नाही. मूग, उडीद आणि चवळी भाद्रपदात निघतात. हवा दमट, मागून ऑक्टोबरचं ऊन. शेंगा वाळत असतानाच भुंग्याने शेतात त्यांवर अंडी घातलेली असतात, घरात येणारं नवं धान्य स्वच्छ दिसलं तरी आतून रिकामं नसतं. त्या उबेत पहिली पिढी दिवाळीच्या आत बाहेर पडते. म्हणून मूग वाळला की दसऱ्यापर्यंत पिशवीत गेलाच पाहिजे. तूर वेगळी. ती पौषात निघते, बाहेर थंडी असते, शेतातून आलेली अंडी आणि अळ्या दाण्यात मंद पडून राहतात. महाशिवरात्रीपर्यंत तुरीला काहीच झालेलं दिसत नाही आणि लोक निर्धास्त राहतात. शिमगा झाला, ऊन तापलं, की एकाएकी पोत्यावर भुंगे चालायला लागतात. ते त्या आठवड्यात कुठून उडून आलेले नसतात, शेतातूनच आलेले असतात. तूर माघ संपायच्या आत भरून बांधावी, तोपर्यंत उन्हात वाळवायला हवे तेवढे दिवसही मिळतात.

दाण्यादाण्यात फरक किती पडतो हे आमच्या एका फडताळात मला फार स्पष्ट दिसलं. चवळी आणि राजमा शेजारी शेजारी उघड्या डब्यांत होते. भुंग्याने दोन्हींवर अंडी घातली होती, राजम्याच्या गुळगुळीत सालीवर तर पांढरे ठिपके उठून दिसत होते. चवळीच्या दाण्याला दोन-दोन, तीन-तीन भोकं पडली. राजम्याला एकही नाही. राजम्याच्या दाण्यात एक प्रथिन असतं, ते या अळीच्या पोटातली पिठूळ पदार्थ पचवण्याची क्रिया बंद पाडतं. अळी दाण्यात शिरते, खाते आणि तिथेच मरते. राजम्याचा भुंगा वेगळा आहे, त्याला हे प्रथिन बाधत नाही, पण आपल्या चवळी-मुगाच्या भुंग्यापासून राजमा सुरक्षित राहतो. सोयाबीनमध्येही या भुंग्याची वाढ नीट होत नाही.

उलट चवळी त्याला सगळ्यात मानवते. दाणा मोठा, त्यामुळे एकात अनेक अळ्यांचं भागतं. मूग आणि मटकीत बहुधा एका दाण्यात एकच भुंगा वाढतो, पण दाणे असंख्य. हरभऱ्यात देशी आणि काबुली यांत फरक आहे: देशी हरभऱ्याची साल जाड आणि खडबडीत, तिथे मादी अंडी घालायला नाखूष असते, काबुली गुळगुळीत आणि पातळ सालीचा, त्यावर ती सहज घालते. उडदात भुंगा मुगापेक्षा उशिरा निघतो असं मला दिसतं. आणि भरडून साल काढलेल्या डाळीत तो अख्ख्या दाण्याएवढा वाढत नाही. वर्षाची तूर घरात आली की बियाण्यापुरती अख्खी ठेवून बाकीची डाळ करून घ्यायची, ही जुनी रीत त्या दृष्टीने अगदी बरोबर होती.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर पिशव्यांचा क्रम असा लावा: आधी चवळी, मग मूग आणि मटकी, मग काबुली हरभरा, मग तूर. राजम्यावर किंवा सोयाबीनवर पिशवी खर्च करायची गरज नाही.

पिशवी किडीला मारते कशी, याबद्दल पुष्कळांची समजूत अशी की आतली हवा आपण दाबून काढतो म्हणून किडे गुदमरतात. सगळी हवा काढता येतच नाही. दाण्यांच्या मधल्या फटींत ती भरपूर उरते. पण अळ्या आणि भुंगे श्वास घेतात, हळूहळू आतला प्राणवायू संपत जातो, बाहेरून नवा येत नाही. धान्य किडकं असेल तर थोड्याच दिवसांत प्राणवायू इतका उतरतो की अळी खाणं सोडते. पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटला. कोरड्या दाण्यात राहणाऱ्या या अळीला पाणी मिळतं कुठून? खाल्लेलं अन्न प्राणवायूच्या मदतीने शरीरात जळतं तेव्हा जे पाणी तयार होतं, त्यावर ती जगते. प्राणवायू नाही म्हणजे ते पाणी नाही. मर्डॉक आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हेच मांडलं: पिशवीतली अळी बऱ्याच अंशी तहानेने, सुकून मरते.

यातून उष्णतेचा आणखी एक मुद्दा निघतो. थंडीत बांधलेल्या पिशवीत किडी मंद असतात, श्वासही कमी घेतात, म्हणून प्राणवायू उतरायला जास्त वेळ लागतो. माघात बांधलेली तुरीची पिशवी घाईने उघडून पाहू नका. गारठ्यात अळीही फार कमी खाते, त्यामुळे नुकसान फारसं होत नाही; ऊन वाढलं की ती श्वास घेऊ लागते आणि स्वतःच आतली हवा संपवते. मध्येच तोंड उघडलं की मात्र तिला नवा प्राणवायू मिळतो आणि सगळी क्रिया पुन्हा पहिल्यापासून. रोजच्या धान्यासाठी पिशवी घेऊ नका म्हणते ते यासाठी.

आपल्या सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. ज्वारीची पेवं अशीच चालायची. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा आणि भुसा, वर तोंड मातीने बंद. आत उष्णता बारा महिने जवळपास सारखी, हवा बंद. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, तोंड मोकळं ठेवून हवा खेळू देत, कारण आतल्या हवेत माणूसही गुदमरायचा. आत्याबाई पिशवीकडे बघून म्हणाल्या, "अगं, हे तर पेवच आणलंस की उचलून!" मला यापेक्षा चांगलं वर्णन सुचत नाही.

मुगाची मी शेजारी शेजारी परीक्षा घेतली. एकाच खळ्यावरचा मूग, अर्धा पत्र्याच्या कोठीत कडुलिंबाच्या पाल्यात, अर्धा पिशवीत, दोन्ही माळवदाखाली. मृगाच्या आधी दोन्ही उघडले. कोठीतल्या मुगावर पिठासारखा भुसा, हाताला ऊब आणि सगळीकडे भोकं. पिशवीतल्या मुगात तळाशी थोडे मेलेले भुंगे आणि काही भोकं पडलेले दाणे, म्हणजे भरताना जी कीड होती तेवढीच. ओल्या गोणपाटात मोजून शंभर दाणे घालून उगवण पाहिली. पिशवीतले नव्वदीच्या पुढे उगवले. कोठीतल्या भोकं पडलेल्या दाण्यांपैकी फुटले त्यांचेही कोंब वाकडे आणि रोगट होते. बियाणं धरणाऱ्यांसाठी मला हा पुरावा पुरेसा आहे.

पण धान्य ओलं असेल तर पिशवी घात करते. ती धान्य वाळवत नाही, आतली ओल आतच कोंडते. मग बुरशी येते, वास येतो आणि बियाण्याची उगवण जाते. दाण्यातली ओल 12 टक्क्यांच्या आत हवी. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे, नुसता दबला तर अजून ऊन द्या. मिठाची परीक्षा सोपी आहे: कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ आणि मूठ-दोन मूठ धान्य घालून चांगलं हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात 15 टक्क्यांहून जास्त ओल आहे. मीठ मोकळं राहिलं म्हणजे 12 झालंच असं समजू नका, दाताची परीक्षाही घ्या. वाळवलेलं धान्य गरम असताना बांधू नका, रात्रभर गार होऊ द्या, नाहीतर प्लॅस्टिकला आतून घाम सुटतो.

ज्वारीच्या बाबतीत मी जपून सांगते. कडधान्याचा भुंगा मोठेपणी काही खात नसल्यामुळे तो प्लॅस्टिक कुरतडायला जात नाही. थराला चिकटलेल्या दाण्यातून बाहेर पडताना क्वचित टोचतो तेवढंच. ज्वारी-गव्हात सोंडे असतात, आणि त्यांच्याबरोबर एक बारीक, लांबुडका, तपकिरी किडा असतो. तो दाणा पोखरून पीठ करतो आणि त्याचे जबडे चांगलेच मजबूत. प्रौढ झाल्यावरही तो खातो, पोखरतो. त्याला सोंड्यापेक्षा जास्त उष्णता मानवते, 34 अंशांच्या आसपास त्याची वाढ सगळ्यात जोरात, तर सोंड्याची 27 ते 31 मध्ये. आमच्याकडे ज्वारी फाल्गुनात घरात येते आणि पुढचे तीन महिने नेमके या किड्याच्या आवडीचे. माझ्या मालदांडीच्या एका पिशवीत आतला थर सुईने टोचल्यासारखा झाला होता. उजेडाला धरला तेव्हा भोकं दिसली. दुसरा थर शाबूत होता म्हणून ज्वारी वाचली, पण तो आतला थर पुढच्या वर्षी वापरता आला नाही. तेव्हापासून ज्वारी भरण्याआधी चैत्राच्या उन्हात पातळ पसरून, बारीक चाळणीने चाळून घेते, जिवंत किडा आत जाणार नाही एवढं बघते. एवढी मेहनत नको असेल तर ज्वारीला पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी बरी.

खाण्याच्या कडधान्याला मी आधी ऊन देते तेही जरा वेगळ्या रीतीने. खाली काळा कागद, त्यावर धान्याचा बोटभर थर, वर पारदर्शक प्लॅस्टिक आणि चारी कडांना दगड. वैशाखाच्या दुपारी आतला काटा 60 च्या वर जातो, मी तापमापी आत ठेवूनच बघते. तासाभरात आतली अळीही संपते. बियाण्याच्या धान्याला मात्र हे करत नाही. शहरात गच्ची नसेल आणि दोन-चार किलोच धान्य असेल तर डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांत चार-पाच दिवस ठेवा, तेवढ्यात सगळ्या अवस्था मरतात. एवढ्याशा धान्याला पिशवीची गरज नाही.

जुन्या उपायांपैकी एरंडेल मला खरोखर पटलेलं आहे. किलोला चमचाभर तेल चोळलं की अंडी नीट चिकटत नाहीत आणि चिकटलेली गुदमरतात. डबाभर मुगाला ते पुरतं. आधीच दाण्यात शिरलेल्या अळीवर मात्र ते फारसं चालत नाही, आणि पन्नास किलोला चोळत बसणं होत नाही. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांबद्दल मला हात जोडून सांगायचं आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांमधून हवेतल्या ओलीने फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने जातात. घरगुती वापरासाठी त्या नाहीतच. परवानाधारक कीडनियंत्रकाशिवाय त्या वापरायला परवानगी नाही. तरी खेड्यात त्या पुडीत बांधून मिळतात. लेकरंबाळं झोपतात त्या खोलीत धान्य असेल तर ती पुडी घरात येऊच देऊ नका. विषाशिवाय पोतंभर मूग वर्षभर राहतो, एवढ्या एका कारणासाठीही मी या पिशवीला चांगलं म्हणेन.

आता पिशवीचे दोष. एक, वजन. पन्नास किलो भरलेली पिशवी आतल्या गुळगुळीत थरांमुळे हातातून निसटते, बाईमाणसाला एकटीला हलवता येत नाही आणि ओढत नेली तर थर फाटतो. जिथे ठेवायची तिथेच भरा. दोन, उंदीर. प्लॅस्टिक त्याला अडवत नाही आणि एक भोक पडलं की सगळं संपलं. पिशव्यांच्या भोवती सांडलेला दाणा राहू देऊ नका, मांजर असेल तर उत्तम. तीन, सूचना. चित्रं आहेत, पण मजकूर मराठीत नाही, आणि तीन तोंडं वेगवेगळी बांधायची हे चित्रावरून कळत नाही. चार, माल. एका दुकानातून आलेल्या पिशव्यांमध्ये एका थराची तळाची शिवण सुटलेली निघाली. घेताना प्रत्येक थर उघडून, हवा भरून, तोंड पिळून छातीशी दाबून पाहा. हवा सुटत असेल तर गालाला लागते. दुकानदार कंटाळला तरी हे करा.

मला एक पिशवी दोनशे रुपयांच्या आतबाहेर पडली. शाबूत राहिली तर पुढच्या वर्षीही चालते. पन्नास किलो मूग भुंगला तर भावात होणारा तोटा याच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे किमतीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आकाराची आहे. बियाण्याची मटकी, हुलगा, चवळी आमच्याकडे पाच-दहा किलोच असते आणि त्याला पन्नास किलोची पिशवी फार मोठी. पिशवी अर्धी रिकामी बांधली तर आत हवा जास्त उरते आणि प्राणवायू संपायला वेळ लागतो, तोवर भुंगा आणखी अंडी घालून घेतो. मी सध्या पाच-पाच किलोची वाणं कापडी पिशव्यांत वेगवेगळी भरून, वर चिठ्ठी बांधून, सगळी एकाच हवाबंद पिशवीत ठेवते आणि उरलेली जागा वाळलेल्या तुरीने भरून काढते. पेरणीच्या वेळी सगळी वाणं एकदमच लागतात, त्यामुळे पिशवी एकदाच उघडावी लागते. गटाने मिळून दहा किलोच्या पिशव्यांची मागणी नोंदवली आहे. तशा आल्या तर मटकीच्या बियाण्यासाठी पहिली मीच घेणार आहे.